आठव्या नंबरची पेटी

वाचकहो, आजचा विषय पाहून तुम्हाला हसू येईल. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, जन्मभर व्याकरण आणि निबंध शिकवलेली, आणि लिहितेय कशावर, तर मुलांच्या व्हिडिओ गेमवर! पण शिकवण्याबद्दल जे काही मला निवृत्तीनंतर सुचलं, त्यातलं बरंचसं मला या खेळानं सुचवलं. म्हणून हे लिहिणं. ज्यांना असले खेळ ठाऊक नाहीत त्यांनी घाबरू नये, मलाही ते शून्यापासून शिकावे लागले.

खेळाचं नाव 'मारिओ कार्ट डीएस'. जपानमधल्या क्योतो शहरात निन्टेंडो नावाची कंपनी आहे, तिनं २००५ सालाच्या अखेरीस तो बाजारात आणला. 'डीएस' म्हणजे त्याच कंपनीचं हातात मावणारं यंत्र. पुस्तकासारखं उघडायचं आणि मिटायचं. आत दोन पडदे. वरच्या पडद्यावर आपली गाडी पळते आणि खालच्या पडद्यावर नकाशा दिसतो, कोण कुठे आहे त्याचा. २००७ च्या दिवाळीत माझा भाचा न्यू जर्सीहून आला, त्यानं ते आमच्या नातवंडांसाठी आणलं. तेव्हा थोरला दहा वर्षांचा होता आणि धाकटी सात.

या जातीच्या खेळांना 'आर्केड' म्हणतात. पूर्वी नाणं टाकून खेळायची मोठमोठी यंत्रं असत, त्यांच्यावरून ते नाव पडलं. नाणं टाकलेल्या माणसाला दोन-चार मिनिटांत मजा आली पाहिजे, हा त्यांचा धर्म. त्यामुळे इथे गियर नाहीत, पेट्रोल संपत नाही, टायर झिजत नाहीत. एक बटण दाबलं की गाडी पळते, दुसरं दाबलं की थांबते, तिसऱ्यानं उडी मारून वळण घसरत घेता येतं. रस्त्यावरून खाली पडलात तर ढगात बसलेला एक प्राणी गळाला लावून तुम्हाला उचलतो आणि पुन्हा रस्त्यावर आणून ठेवतो. तेवढा वेळ मात्र वाया जातो. एका शर्यतीत आठ गाड्या असतात, बहुतेक रस्त्यांवर तीन फेऱ्या. असे एकूण ३२ रस्ते. चार शर्यतींचा मिळून एक चषक.

आता खरी गंमत. रस्त्यात ठिकठिकाणी प्रश्नचिन्ह असलेल्या पेट्या तरंगत असतात. गाडी पेटीवर नेली की ती फुटते आणि आपल्याला काहीतरी मिळतं. पेट्या सगळ्यांना सारख्याच दिसतात. आत काय निघणार ते मात्र तुम्ही त्या क्षणी कितव्या नंबरवर आहात यावर ठरतं. पहिल्या नंबरावरच्याला बहुधा केळ्याची साल मिळते, ती मागे टाकायची, कुणी घसरला तर घसरला. मधल्यांना वेग वाढवणारी अळंबी, पुढच्याचा माग काढणारं लाल कवच असलं काही. आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला खजिना येतो. कधी अंगाला काहीच लागू न देणारा तारा, कधी बाकी सगळ्यांना एवढंसं करून टाकणारी वीज, तर कधी 'बुलेट बिल'. हा बुलेट बिल म्हणजे तोफेचा गोळाच. गाडीचा काही क्षणांपुरता गोळा होतो आणि तो आपोआप सुसाट निघतो, वाटेतल्या गाड्या उडवत. मग गोळ्याची पुन्हा गाडी होते आणि चाक आपल्या हातात येतं. शिवाय एक निळं कवच असतं, ते मागच्या कुणाच्या तरी हाती लागतं आणि थेट पहिल्या नंबरावरच्याला जाऊन फुटतं.

हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा आमच्या थोरल्यानं घर डोक्यावर घेतलं. तो दोन फेऱ्या पहिला होता, शेवटच्या वळणावर निळं कवच आलं आणि तो चौथा झाला. यंत्र गादीवर टाकून तो म्हणाला, "आजी, हे चीटिंग आहे. मी इतकं चांगलं चालवतो त्याचं काय? शेवटच्याला का देतात सगळं?"

प्रश्न साधा नव्हता. पस्तीसेक वर्षं मी ज्या वर्गात उभी होते, त्या वर्गाचाच तो प्रश्न होता. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या आईबापांनी हाच प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे. "बाई, तुम्ही मागच्या पोरांवर वेळ घालवता, आमच्याचं स्कॉलरशिपचं वर्ष आहे."

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. आधी खेळ समजून घ्यायचा ठरवलं. दुपारी मुलं शाळेत गेली की मी चष्मा लावून बसायची. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "काय, आज कितवा नंबर?" उत्तर ठरलेलं असायचं. आठवा!

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. हा खेळ मदत सढळ हातानं करतो, पण निकाल कडक लावतो. पहिल्याला १० गुण, मग ८, ६, ४, ३, २, १ आणि आठव्याला शून्य. ग्रेस मार्क नाही, उत्तेजनार्थ बक्षीस नाही. मला बुलेट बिल कितीदा तरी मिळाला, त्यानं मला आठव्यावरून पाचव्यावर नेलंही. पण गोळ्याची गाडी झाली की पुढचं वळण मलाच घ्यायचं असे आणि ते मला येत नसे. पुन्हा सातवी, पुन्हा आठवी. थोरला मात्र चार शर्यती मिळून बहुतेक वेळा पहिलाच यायचा, निळी कवचं खाऊनसुद्धा. त्यानं वळणावर घसरताना डावं-उजवं बटण आलटून पालटून दाबायची युक्ती साधली होती, तिनं गाडीला जास्तीचा झटका मिळतो. पुढे पुढे तर तो सरळ रस्त्यावरही सापासारखा नागमोडी जाऊन ते झटके मिळवायचा. अंगठ्याला फोड आले तरी सराव सोडला नाही. त्या सरावाची किंमत पेटीनं कमी केली नव्हती. ज्याला एकट्यानंच स्वतःशी झुंजायचं आहे त्याच्यासाठी खेळात वेळेविरुद्धची शर्यतही आहे. तिथे पेट्या नाहीत, असतं ते घड्याळ, आणि शेजारून पळणारी आपल्याच आधीच्या विक्रमाची पारदर्शक गाडी.

मग पेटी कशासाठी? याचं उत्तर मला खेळाच्या जन्मकथेत सापडलं. १९९० मध्ये याच कंपनीनं 'एफ-झीरो' नावाचा शर्यतीचा खेळ काढला होता. फार वेगवान, पण एकट्यानंच खेळायचा. दोन माणसांना शेजारी बसून एकाच वेळी खेळता येईल असा खेळ करू या, म्हणून पुढची खटपट सुरू झाली. पडद्याचे दोन भाग करायचे तर त्या वेळच्या यंत्राची ताकद एवढ्या लांबरुंद रस्त्यांना पुरेना. म्हणून रस्ते आखूड आणि वळणावळणाचे केले, गाड्या छोट्या केल्या, आणि १९९२ मध्ये पहिला 'सुपर मारिओ कार्ट' आला. म्हणजे मुळात हट्ट होता तो दोघांनी एकत्र खेळण्याचा. आता दोघं जण एकत्र बसली की त्यांतला एक कच्चा असणारच. तो पहिल्या फेरीतच इतका मागे पडला की पुढचा दिसेनासा झाला, तर यंत्र खाली ठेवून उठून जाणार. मग पहिला येणारा कुणाबरोबर खेळणार?

आमच्या घरात उठून जाणारी होती ती धाकटी. तिला अक्षरं उशिरा जुळली. 'म' आणि 'भ' मध्ये घोटाळा, जोडाक्षर आलं की गाडी अडली. भाऊ हुशार, त्यामुळे तुलना आयतीच. ती कुठल्याही खेळाला बसायची नाही. पत्ते मांडले की तिचं पोट दुखायचं. कॅरमला तिचे आजोबा तिला घेऊन बसत आणि मुद्दाम हरत. राणी अगदी भोकाच्या तोंडाशी आली की यांचा स्ट्रायकर हमखास भलतीकडे जाई. एक दिवस तिनं सोंगट्या गोळा केल्या आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, तुम्ही मुद्दाम हरता. मला कळतं." त्या दिवसापासून कॅरमही बंद.

पण या शर्यतीला ती बसू लागली. दोघं आळीपाळीनं एकेक चषक खेळायची आणि गुण वहीत मांडायची. ती आठवी यायची, सातवी यायची, तरी उठायची नाही. कारण कुठल्याही वळणावर पेटी फुटायची आणि ती पुन्हा शर्यतीत असायची. आणि मुख्य म्हणजे तिच्यावर कुणी दया करत नव्हतं. पेटी तिनं स्वतः गाठलेली असायची. गोळा कधी सोडायचा हे तिनंच ठरवायचं. आजोबांच्या प्रेमात जी खोट तिला जाणवली ती या पेटीत नव्हती.

यात काय फरक आहे यावर मी पुष्कळ विचार केला. मदत लपून होती म्हणावं तर तसंही नाही. शेवटच्याला जास्त मिळतं हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी ती लाजली नाही. का?

इथे मला माझा खडूचा डबा आठवतो. व्याकरणाच्या तासाला मी एका रिकाम्या डब्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या ठेवत असे आणि बाकांमधून फिरत एकेकाच्या हातात देत असे. मुलांना वाटे नशिबानं येते ती चिठ्ठी. पण चिठ्ठ्यांच्या घड्या निरनिराळ्या होत्या आणि कुणाला कुठली द्यायची हे माझी बोटं जाणत. कुणाला समास सोडवा, तर कुणाला नुसतं अनेकवचन लिहा. डबा सगळ्यांना एकच. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं मला वर्ग सुटल्यावर गाठलं. "बाई, मलाच नेहमी सोपी चिठ्ठी कशी येते?" हे ज्याला कळलं तो मुलगा आता मागे राहिलेला नाही, एवढं त्या प्रश्नानंच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला समासाची चिठ्ठी दिली. निम्मं उत्तर बरोबर आलं. पण कान लाल करून का होईना, तो फळ्यापाशी उभा राहिला.

त्या खेळातली पेटी हेच करते, आणि क्षणाक्षणाला करते. ती तुमचं नाव विचारत नाही, मागचा निकाल बघत नाही. तुम्ही या घडीला कितवे आहात एवढंच बघते. आठवे असाल तर आठव्याचं देईल. तिसऱ्यावर आलात की तिसऱ्याचं. आणि आमचा थोरला घसरून आठवा झाला तर त्यालाही गोळा मिळे, तो घेताना त्यानं कधी 'चीटिंग' म्हटलेलं मला आठवत नाही! मदत माणसाला चिकटलेली नाही, जागेला आहे. म्हणून ती घेताना लाज वाटत नाही.

आपल्याकडे शिक्का माणसाला बसतो. मराठीत तर त्यासाठी एक अख्खं अक्षर राखून ठेवलंय, 'ढ'. बीएला असताना आमचे भाषेचे सर सांगत की ब्राह्मीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली, 'ढ' मात्र होता तसाच राहिला, म्हणून जो पुढे सरकत नाही तो 'ढ'. व्युत्पत्ती खरी असो वा रचलेली, शिव्यांच्या इतिहासात इतकी विद्वान शिवी दुसरी नसेल. धाकटीला वर्गात कुणीतरी ती दिली होती. या खेळात एक सोय आहे, पडद्यावर लेखणीनं स्वतःचं चिन्ह काढायचं आणि ते आपल्या गाडीवर झळकतं. चिन्ह कुणी काढायचं यावरून दोघांची भांडणं व्हायची. एका रविवारी तिची पाळी आली आणि तिनं चौकोन चौकोन भरत, जीभ बाहेर काढून, मोठा थोरला 'ढ' काढला. थोरला म्हणाला, पूस ते. तिनं पुसलं नाही. का काढलास असं मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. त्यानं काही दिवस कुरकुर केली आणि मग त्याच 'ढ'ची गाडी घेऊन तोही शर्यती जिंकत राहिला.

आता या व्यवस्थेचा गैरफायदा घेणारे नसतात असं नाही. पुढे थोरल्यानं शोध लावला की मुद्दाम मागे रेंगाळायचं, चांगली वस्तू हाती येऊ द्यायची आणि शेवटच्या फेरीत ती वापरून मुसंडी मारायची. मला हसूच आलं. जिथे मागच्याला काही मिळतं तिथे खोटे मागचे उभे राहणारच. खोटे दाखले काढणारी मोठी माणसं आपण पाहतोच की. पण त्याचाही हिशेब खेळ चुकता करतो. रेंगाळताना जे अंतर पडतं ते दर वेळी भरून निघत नाही. दोनदा सहावा आल्यावर त्यानं तो नाद सोडला. चार लबाड निघाले म्हणून पेटीच काढून टाकावी, असं मात्र खेळ करणाऱ्यांना इतक्या वर्षांत वाटलेलं नाही. २०२५ साली या मालिकेचा नवा खेळ आला, त्यात एका शर्यतीत २४ गाड्या धावतात. पेट्या त्यातही आहेत.

शाळांबद्दल आपण वाद घालतो तो नेहमी निकालाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. दोन्ही वेळा माझ्या ओळखीचे शिक्षक हिरिरीनं भांडले, नापास करावं की करू नये. खरं तर त्याच मूळ कायद्यात वर्षभर चालणारं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही सांगितलं होतं. कोण कुठे अडलंय ते वेळेवर बघा, असाच त्याचा सरळ अर्थ. पण त्यावर भांडताना मी कुणाला पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीत मागे पडलेल्या पोराच्या हातात काय द्यायचं, हा प्रश्न सुटला नाही तर शेवटी शून्य दिलं काय आणि पास केलं काय, पोर मागेच राहतं.

थोरल्याला मी उत्तर दिलं ते बऱ्याच दिवसांनी. म्हटलं, "तू पहिला येतोस ते तुझंच आहे, ते कुणी घेत नाही. पण बाकीची सात जणं घरी गेली तर तुझा पहिला नंबर कुणात?" त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. "बरं" म्हणाला आणि पुढची शर्यत लावली. आज तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, चाकणला एका कारखान्यात इंजिनियर आहे. धाकटी दहावीला ५८ टक्क्यांनी पास झाली, पुढे तिनं प्रयोगशाळेचा डिप्लोमा केला आणि आता पुण्यात रक्ततपासणीच्या कामात आहे. खेळामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, तिच्यावर मेहनत घेणारी माणसं पुष्कळ होती. ती शर्यत सोडून उठली नाही, एवढंच मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता या वयात माझी गाडीच आठव्या नंबरवर आलेली आहे. बँक फोनमध्ये गेली, विजेचं बिल फोनमध्ये गेलं. मी फोन हातात घेऊन चष्मा शोधेपर्यंत मुलगा म्हणतो, "दे इकडे, मी करतो." आणि करतोही बिचारा, एका मिनिटात. प्रेमानंच करतो. पण तो गोळा मला शेवटच्या रेषेपर्यंत नेऊन सोडतो, चाक काही परत देत नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा तिथेच.

गेल्या महिन्यात धाकटी आली होती. विजेचं बिल भरायचं होतं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला नाही. शेजारी बसली आणि बोटानं एक जागा दाखवून म्हणाली, "इथपर्यंत मी सांगते. पुढचं तू कर." दोनदा चुकीच्या पानावर गेले. ती गप्प राहिली, आपला चहा पीत. तिसऱ्यांदा पैसे गेले आणि पावती आली. अकरा मिनिटं लागली. पुढचं बिल पंधरा तारखेला आहे. ते भरायला मी कुणाला बोलावणार नाहीये.